बिनदेवाचा चाकू

भोरच्या बाजारपेठेत माझं हत्यारांचं दुकान आहे. विळे, कोयते, खुरपी, दोरखंड, पंपाचे वायसर, असला सगळा माल. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच ते काही घेणार की नुसतं हाताळून जाणार, हे मला कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. हिराबाईंनी तो पार मोडीत काढला. त्या घेऊन जायच्या, वापरायच्या, परत आणायच्या, आणि वर माझ्याच मालाबद्दल मलाच दोन शब्द ऐकवून जायच्या. असं गिऱ्हाईक वैऱ्यालाही मिळू नये, असं मी बायकोला कितीदा तरी म्हणालो असेन. आता त्या नाहीत, तर दुपारच्या वेळी पायरीवर कुणाचं पाऊल वाजलं की मी उगीचच मान वर करतो.

हिराबाई मार्गासनीच्या. एसटीत कंडक्टर होत्या, भोर आगाराला. आमच्याकडे कंडक्टरला ‘मास्तर’ म्हणतात. पण बाईमाणूस खाकी घालून दारात उभं राहिलं तेव्हा लोकांना काय म्हणावं ते सुचेना. कुणी ताई म्हणे, कुणी मॅडम, कुणी नुसतंच ‘ओ’. हिराबाईंना यातलं एकही चालत नसे. “ताई घरात, मॅडम शाळंत. हितं मास्तर,” असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं.

एकदा फाट्यावर एक मिशाळ गडी चढला आणि म्हणाला, “ए बाई, दे घंटी, उशीर हुतुया.” बाईंनी घंटीच्या दोरीवरचा हात काढला आणि त्या खाली रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, लोकांनी विनवण्या केल्या. बाई शांतपणे डोंगर बघत उभ्या. शेवटी अख्खी गाडी त्या गड्याच्या मागे लागली, तेव्हा तो तोंडातल्या तोंडात “मास्तर, चला आता” असं पुटपुटला. “ऐकू न्हाई आलं,” बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा त्याला ओरडून म्हणावं लागलं, मग कुठं डबल बेल पडली. तेव्हापासून वेल्ह्याच्या रस्त्याला त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

खाकीच्या खिशात त्या एक घडीचा चाकू ठेवायच्या. टपावरच्या पोत्याची दोरी अडकली, कुणाच्या पिशवीचा बंद दारात सापडला, कुणाच्या पोराला पेरू कापून द्यायचा असला, की चाकू बाहेर. त्याची धार गेलेली त्यांना एक दिवस खपत नसे. वेल्ह्याला गाडी उभी राहिली की चहा प्यायचा, रिकामा कप पालथा घालायचा आणि कपाच्या बुडाची जी खरबरीत कड असते तिच्यावर पातं घासत बसायचं, हा त्यांचा नेम होता. चहावाला कुरकुरायचा, “मास्तर, माझ्या कपांची बुडं काळी झाली की वो!”

“मग धू की. बोथट चाकू आन मिंधा माणूस, दोनी बी ऐन वक्ताला दगा देत्यात.”

चाकू त्या कधी कुणाच्या हातात देत नसत. खाली ठेवायच्या, मग समोरच्याने उचलायचा. हातातून हातात धारेचं हत्यार दिलं की भांडण होतं, हे आपल्याकडे सगळेच मानतात. मी एकदा चेष्टा केली, की मास्तर, तुम्ही आणि भांडणाला घाबरता? तर म्हणाल्या, “मला भांडायचं आसलं तर म्या चाकवाची वाट बगत न्हाई.” हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

निवृत्त झाल्यावर बाई गप्प घरात बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण निमित्त मिळालं ते रस्त्याचं. वेल्ह्याकडचा रस्ता रुंद व्हायचा ठरला. बाईंच्या सासरची जमीन रस्त्याला लागून, आणि बांधावर एक जुनं आंब्याचं झाड. त्याला ‘कडक्या’ म्हणत. कारण त्याच्या फोडी लोणच्यात दोन पावसाळे गेले तरी मऊ पडत नाहीत. आसपासच्या गावांतल्या बायका चैत्र-वैशाखात त्या झाडाखाली टोपल्या घेऊन यायच्या. असं झाड तिथं दुसरं नव्हतं. मोजणीवाले आले, बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा घालून गेले. दिराने आणि पुतण्यांनी संमती देऊन टाकली. दिवाळीनंतर झाड पाडायचं ठरलं.

मला वाटलं, बाई आता रस्त्यावर आडव्या होतील. तसं काही झालं नाही. माझ्या दुकानात येऊन त्या म्हणाल्या, “रस्ता पायजेच. त्या खड्ड्यांनी माझी कंबर खाल्लीया. झाड त्यास्नी घिऊ दे. पर आंबा म्या जाऊ द्यायची न्हाई.”

“म्हणजे?”

“कलमं बांदायची. दिवाळीच्या आत.”

“मास्तर, त्यापेक्षा नर्सरीतनं चांगलं केसरचं कलम आणून लावा की.”

“नर्सरीत कडक्या मिळतो?”

“नाही.”

“मग गप बस आन चाकू दाव.”

भाटघरला त्यांची एक मावसबहीण रोपवाटिकेत कामाला होती. तिच्याकडे राहून बाई कलम बांधायला शिकून आल्या. काम ऐकायला सोपं. गावठी आंब्याच्या रोपाचा शेंडा उडवायचा, उरलेल्या खोडाला मधोमध चीर द्यायची. कडक्याची कोवळी काडी खालच्या टोकाला पाचरीसारखी तासायची, ती चिरीत बसवायची आणि पट्टीने आवळायची. वरून पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची, म्हणजे काडी सुकत नाही. पण काडीचे दोन्ही काप एकाच ओढीत आणि आरशासारखे सपाट यावे लागतात. मध्ये केसभर फट राहिली तरी जीव जुळत नाही. त्यात आंब्याचा चीक. चार काड्या तासल्या की पातं चिकटतं, धार बसते. घरी जाऊन पाजवायला वेळ नसतो, कारण कापलेली काडी तोवर वाळते. म्हणून धार लावायचं साधन खिशातच हवं, आणि बसल्या जागी चालायला हवं.

पहिल्यांदा मी त्यांना जे दिलं ते दुकानातलं सगळ्यांत चकचकीत होतं. लाल मूठ, मध्ये इंग्रजी व्हीसारखी फट. फटीत पातं घालून मागे ओढायचं, की झाली धार. राजगडावर जाणारी पुण्याची पोरं तसली नेतात. बाईंनी दोनदा ओढून बघितलं, काउंटरवरचा कागद कापला, आणि त्या गेल्या. आषाढात त्यांनी पहिली कलमं बांधली. ती सगळी वाळली. एक न एक.

त्यातलं एक मेलेलं कलम घेऊन त्या दुकानात आल्या. पट्टी सोडून त्यांनी काडी माझ्या डोळ्यांपुढे धरली. कापाच्या मधोमध बारीकसा उंचवटा राहिला होता. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूला असते, दुसरी बाजू सपाट ठेवलेली असते, तरच काप सपाट पडतो. या लाल फटीने दोन्ही बाजू खरवडल्या होत्या.

“दुकानदार, हे साधान कांदं कापणाऱ्याला इक,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि चाकू नवीन मागितला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी माझं काही न घेता घरचा निसणा, म्हणजे पाजवायचा दगड, काढला, सासूच्या वेळचा, काळा, मधे खोल गेलेला. त्याचा एक तुकडा फोडून खिशात घातला. निसण्यावर खोबरेलाचे दोन थेंब टाकून पाजवायचं, ही त्यांच्या घरची रीत. श्रावणात पुन्हा कलमं बांधली. धार अशी आली होती की केस उडेल, असं त्या स्वतःच सांगत होत्या. आणि तरीही एकेक कलम काळं पडत गेलं. मार्गासनीत लोक आता हसायला लागले होते. पुतण्या म्हणाला, “काकी, इजा-बिजा झालं, तिजाला तरी सोडा.” बाई खाली बसून मेलेल्या कलमांच्या पट्ट्या सोडायला लागल्या. त्याला टोला हाणला नाही म्हणजे त्यांना लागलं होतं, एवढं मला समजत होतं.

मग एका दुपारी दुकानात येऊन त्यांनी पिशवीतून एक पेरूची फांदी काढली, चाकूने तासली आणि म्हणाल्या, “पानी दे.” मी तांब्या दिला. कापावर पाणी सोडलं तर थेंब अळवाच्या पानावरून जावा तसा घरंगळून गेला. खोबरेल! पात्यावरून तेल कापावर उतरत होतं, आणि तेलकट कापाला रस धरत नव्हता. बाईंनी कापावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. मग एकदम हसल्या. “सासूबाई गेल्या तरी हात धरत्यात बग माझा,” म्हणाल्या.

आता काय हवं ते दोघांनाही स्पष्ट झालं होतं. तेल नको, पाणी नको. सपाट हवं. एक बाजू खरबरीत आणि एक बारीक हवी. फणीएवढं हवं, कमरेच्या पिशवीत मावणारं. मी पुण्याहून हिऱ्याची कच बसवलेली लोखंडी पट्टी मागवली. दिसायला अगदी मुलुखाची दरिद्री, करडी, ना मूठ ना रंग. बाईंनी ती उलटीपालटी केली, गालाला लावून सपाट आहे का बघितलं, आणि माझ्या स्टुलावर मांडी घालून बसल्या.

त्यांचं ते पाजवणं बघायला शेजारचा कापडवालाही उठून आला होता. पट्टी डाव्या तळव्यात, बोटं कडेच्या खाली दडवलेली. धारेची बाजू पट्टीवर इतकीच तिरकी, की खाली काडेपेटीतली काडी जेमतेम सरकावी. आणि पातं ओढायचं नाही, पुढे न्यायचं, दुधावरची साय काढावी तसं. थोड्या वेळाने सपाट बाजूवर बोट आडवं फिरवायचं. खरखर लागली, की समजायचं धार पलीकडे उतरली. मग पट्टीची बारीक बाजू घ्यायची, आणि सपाट बाजू पूर्ण आडवी टेकवून ती खरखर हलक्या हाताने पुसून काढायची. “जोर लावला की संपलं,” बाई म्हणाल्या. “सगळ्या गावाला जोर लावायची घाई. हितं हात हालका पायजे.” जन्मभर कुणाशी हलक्या हाताने न वागलेली ही बाई हे सांगत होती, पण ते बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.

भाद्रपद सरता सरता बाईंनी तिसऱ्या खेपेची तयारी केली. ज्या काड्या घ्यायच्या त्यांची पानं आठवडाभर आधी झाडावरच खुडून ठेवावी लागतात, म्हणजे डोळे फुगतात. नवरात्रात त्यांनी पानं खुडली. दिवाळीला अवकाश होता. सगळं जुळून आलं होतं, आणि खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मला त्यांचा फोन आला.

“दुकान बंद हाय न्हवं आज?”

“खंडेनवमी आहे मास्तर. पूजा मांडलीय.”

“तुजी पूजा आटप, आन झेंडूच्या माळा, नारळ, हळदी-कुकू घिऊन हिकडं ये. झाड पाडायला आल्यात.”

ठेकेदाराला घाई झाली होती. माणसं चार दिवस मोकळी होती, म्हणून त्याने दिवाळीची वाट न बघता आजच धाडली. मी पोचलो तेव्हा झाडाखाली ट्रॅक्टर उभा होता, गावातल्या बायका बांधावर जमल्या होत्या, आणि बबन मुकादम आपल्या गड्यांबरोबर दोरखंड उलगडत होता. बबन भोरचाच, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. यंत्राचा करवत, कुऱ्हाडी, सगळं ट्रॉलीत. बाई त्याच्याशी भांडत असतील असं मला वाटलं होतं. त्या सडा घालत होत्या.

“बबन,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. त्यांचा गोड आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला धडकीच भरली. “आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा झाली का रं?”

“कुठली मास्तर. पहाटंच निगालो.”

“आरं आरं. पोटापान्याचं हत्यार, आन तसंच ठिवलं? उतर खाली. म्या मांडती पूजा.”

बबनला बरंच वाटलं. गड्यांनी करवत उतरवला, कुऱ्हाडी पुसून ओळीने पाटावर लावल्या. बाईंनी प्रत्येक हत्याराला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. करवताला तर दोन माळा. नारळ फोडला, गड्यांना खोबरं आणि साखर दिली. सगळे हात जोडून उभे राहिले, मीसुद्धा. मग बबनने पदराआड हसणाऱ्या बायकांकडे एकदा बघितलं आणि करवताला हात घातला.

“उचलतूस?” बाई म्हणाल्या. गोडवा गेला होता. “पूजल्यालं हत्यार आजच्या दिशी चालवतूस? चालीव. म्या बगती.”

बबनचा हात तिथंच थांबला. एका गड्याने पायातली चप्पल काढली. ठेकेदाराचा फोन आला, तो पलीकडून ओरडत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. बबन म्हणाला, “साहेब, पूजा झालीया. आज न्हाई उचलायचं. उद्या दसरा. परवा बगू.” आणि त्याने फोन खिशात घातला.

मग बाई झाडाच्या बुंध्याशी बसल्या. कमरेच्या पिशवीतून करडी पट्टी काढली, चाकू उघडला आणि पाजवायला लागल्या. बबन डोळे फाडून बघत होता.

“मास्तर, आन तुमचं हत्यार?”

“माजं पूजलंच न्हाई. बिनदेवाचं हाय त्ये.”

बायकांत कुजबूज झाली. एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, “हिरे, आजच्या दिवशी झाडाला धार लावू नये गं. पाप लागतं.”

“लागू दे मला लागलं तर. तू लोनचं खा.”

त्या दिवशी बाईंनी ज्या काड्या घेतल्या, त्या बबननेच शिडी धरून आणि दोरीने फांद्या वाकवून दिल्या. फांदी वाकवायला हत्यार लागत नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलं. काड्या ओल्या फडक्यात. बाई ओसरीवर बसून तासत होत्या, चिरीत बसवत होत्या, बांधत होत्या. चार काड्या झाल्या की पट्टी, पुन्हा चार काड्या. दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले तर त्यांनी मान वर न करता “ठेव तिथं” म्हटलं. मी आयुष्यात पुष्कळ हत्यारं विकली, पण एखाद्या हत्याराचा असा उपयोग होताना मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी तिथंच बोलून दाखवला. “आदी जगू देत,” त्या म्हणाल्या.

झाड तिसऱ्या दिवशी पडलं. बाईंनी गड्यांना चहा केला. पडताना बघायला त्या बाहेर आल्या नाहीत, आतून पट्टीवर पात्याचा आवाज तेवढा येत होता.

निम्म्याहून जास्त कलमं जगली. पिशवीत तांबूस फुटवा दिसला तेव्हा बाईंनी मला फोन करून फक्त “फुटलं” एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. जे पुतणे हसले होते तेच आता रोपांना पाणी घालत होते. पुढच्या पावसाळ्यात बाईंनी मागायला आलेल्या प्रत्येक घरी एकेक कलम दिलं. राहिलेली नव्या रस्त्याच्या कडेने स्वतः खड्डे काढून लावायला घेतली. रस्त्याचा एक कर्मचारी मोटारसायकल थांबवून म्हणाला, “आजी, ही सरकारी हद्द आहे. परवानगी घेतलीय का?”

बाई कुदळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “तोडायला परवानगी लागती, त्ये मला ठावं हाय. लावायला बी लागती व्हय? कागद दाव.” त्याच्याकडे कागद नव्हता. तो जाईपर्यंत बाईंचा पुढचा खड्डा खोदून झाला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई गेल्या, थोड्याशा आजाराने, भर वैशाखात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, फाल्गुनात. वेल्ह्याला माल पोचवून टेम्पोतून येत होतो. रस्त्याच्या कडेला बाई उभ्या, आणि त्यांच्या खांद्याइतक्या कलमांना मोहोर आला होता. त्या तो खुडून टाकत होत्या. लहान कलमाला पहिली काही वर्षं फळ धरू देत नाहीत, झाड खचतं, हे मला माहीत होतं. पण बाईंचा चेहरा उतरलेला होता, हात वाळले होते, आणि मला राहवेना. मी टेम्पो थांबवला.

“मास्तर, एका झाडावर तरी राहू द्या. यंदा आपल्या हातच्या कडक्याचं लोणचं खाऊन बघा.”

“म्या कुठं खाती लोनचं?” त्या म्हणाल्या. “दात आंबत्यात माजं. लगीन हून आली तवापास्नं त्या आंब्याची फोड तोंडात घातली न्हाई म्या.”

मी टेम्पोतून खाली उतरलो. “मग हा एवढा खटाटोप कशासाठी केला?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की इतकी वर्षं दुकान चालवून याला साधी गोष्ट कळू नये.

“संमतीवर घरातल्या समद्या बाप्यांच्या सह्या घेतल्या. मला कुनी इचारलं व्हतं?”

आणि त्यांनी पुढच्या कलमाचा तुरा कच्चकन खुडला.